सव्वीसातली पंधरा

फेब्रुवारी अर्धा सरला की पुण्यातले फुटपाथ वावळाच्या झाडांवरून गळणाऱ्या कागदासारख्या चकत्यांनी भरून जातात. सकाळी गारवा असतो, बारा वाजता डोकं तापतं. रसवंतीच्या चरकाची घुंगरं वाजायला लागतात आणि पारदर्शक पाऊच छातीशी धरलेली मुलं, ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटत, आईवडिलांच्या दोन पावलं पुढे चालत असतात. मला परीक्षा देऊन कितीतरी वर्षं झाली. तरी या हवेचा वास आला की हात आपोआप पर्समधलं पेन चाचपतो.

यंदा त्यात एक मेसेज आला. मी खराडीच्या ऑफिसात कॅन्टीनच्या रांगेत उभी होते आणि आमच्या बिबवेवाडीच्या सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी लिहिलं होतं : ‘दहावीच्या अंध विद्यार्थिनीसाठी लेखनिक हवी. नववीतली असावी. अक्षर वाचता येण्यासारखं हवं.’ मी तो मेसेज दोनदा वाचला. मागच्या माणसानं ‘मॅडम, पुढे सरका ना’ म्हटलं, तेव्हा कळलं की मी ताट हातात धरून हसत उभी आहे.

कारण एके वर्षी ती नववीतली मुलगी मी होते.

सदाशिव पेठेतल्या आमच्या शाळेत गणिताचे एक सर होते. अंगानं बारीक, आवाजानं त्याहून बारीक, पण बोलले की वर्ग गप्प. ते एका सकाळी आमच्या वर्गावर आले आणि म्हणाले, “दहावीतल्या एका मुलीसाठी लेखनिक पाहिजे. ज्यांचं अक्षर दुसऱ्या माणसाला वाचता येतं, त्यांनी हात वर करा.” कुणीच हात वर केला नाही. “वाटलंच होतं,” सर म्हणाले आणि माझ्याकडे वळले. “केतकी, तुझे वडील पाट्या बनवतात ना? मग तुला अक्षर नीट काढायला काय हरकत आहे? चल.”

माझे बाबा खरंच पाट्या बनवायचे, अजूनही बनवतात. बिबवेवाडीत त्यांचं छोटं वर्कशॉप आहे. दुकानांची नावं, डॉक्टरांच्या पाट्या, सोसायट्यांच्या फाटकावरच्या सूचना. अ‍ॅक्रिलिकची अक्षरं कापायची, कडा घासायच्या, चिकटवायची. मी लहानपणी त्या कापून उरलेल्या अक्षरांशीच खेळले. पण आपण त्यातून काही शिकलोय असं तोवर कधी वाटलं नव्हतं.

त्या दहावीतल्या मुलीचं नाव सुजाता. जन्मापासून तिला दिसत नव्हतं. सातवीपर्यंत ती अंधशाळेत शिकली आणि मग आमच्या शाळेत आली. तिचं घर शाळेपासून दोन गल्ल्या सोडून, एका जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर होतं. पहिल्या दिवशी मी गेले तेव्हा ती खिडकीपाशी बसून दोन्ही हातांनी ब्रेलचं जाड पुस्तक वाचत होती. मी चपला काढल्या तशी तिनं पुस्तक मिटलं.

“नाव?”

“केतकी.”

“गणित येतं?”

“बऱ्यापैकी येतं, ताई.”

“ते विसरायचं. माझ्या शेजारी बसलीस की तुला काहीही येत नाही. मी बोलेन ते लिहायचं. मी चुकले तरी चुकलेलंच लिहायचं. तुला बरोबर उत्तर माहीत असेल तेव्हा तर नक्कीच.”

मी मान डोलावली. मग माझ्या लक्षात आलं की मान डोलावून उपयोग नाही, आणि घाईनं म्हणाले, “हो.” ती हसली. तिचं ते हसणं बघून मला जरा धीर आला.

आमचा सराव रोज शाळा सुटल्यावर असायचा. गणित बोलून दाखवणं किती कठीण असतं ते मला तिथे कळलं. आपण कागदावर सहज एक आडवी रेघ ओढतो आणि वर-खाली आकडे लिहितो. सुजाताताईला ते सगळं तोंडानं मांडावं लागायचं. “कंस सुरू. एक्स अधिक तीन. कंस बंद. भागिले. रेघ कंसाच्या पूर्ण लांबीची ओढ हं, अर्धीच नको.” ती डोळ्यांसमोर नसलेलं पान डोक्यात उघडून बसायची आणि त्यावर काय कुठे आहे ते तिला पक्कं ठाऊक असायचं. मी दोन ओळी वर काय लिहिलं ते विसरायचे. ती विसरत नसे.

खरं तर तिला हे सगळं टाळता आलं असतं. सवलत म्हणून सोपं अंकगणित घेता येत होतं आणि बऱ्याच जणांनी तिच्या आईला तेच सुचवलं होतं. काकू सरकारी ऑफिसात नोकरी करायच्या. मूळच्या नागपूरकडच्या, लग्नानंतर पुण्याला आलेल्या. रविवारी सकाळी दोघी विहारात जायच्या आणि तिथून आल्यावर काकू आमच्यासाठी पोहे करायच्या. एकदा मीच विचारलं, “काकू, सोपं घेतलं असतं तर ताईचा त्रास वाचला नसता का?”

काकूंनी गॅस बारीक केला. “माझ्या आजोबांनी दीक्षा घेतली आणि त्याच वर्षी पाटी हातात घेतली,” त्या म्हणाल्या. “चांगले मोठे होते तेव्हा, पोरंबाळं झालेले. लोक म्हणायचे, आता कशाला? आमच्या घरात अक्षर आयतं आलेलं नाही, केतकी. आता माझी लेक म्हणते तिला बीजगणित पाहिजे, तर मी तिला कसं म्हणू की थोडं कमी घे?”

आतून सुजाताताईचा आवाज आला, “आई, पोहे करपतायत.”

जानेवारीत पूर्वपरीक्षा झाली. मी प्रश्न वाचायचे, ती सांगायची, मी लिहायचे. सगळं सुरळीत चाललं होतं आणि संभाव्यतेच्या प्रकरणावर तर तिचा भारीच जीव. नाणी, फासे, पत्ते, सगळं तिला पाठ. मी पुढचा प्रश्न वाचला : ‘इंग्रजी वर्णमालेतील मोठ्या लिपीतल्या अक्षरांतून एक अक्षर यादृच्छिक पद्धतीने निवडले, तर ते फक्त सरळ रेषांनी बनलेले असण्याची संभाव्यता काढा.’

तिनं मान तिरपी केली. मला वाटलं, नीट ऐकू आलं नसेल, म्हणून मी पुन्हा वाचला.

“ऐकलं,” ती म्हणाली. “लिही. एन ऑफ एस बरोबर सव्वीस. पुढे जागा सोड.”

मी एकूण शक्यता सव्वीस लिहिल्या आणि पुढे जागा सोडली. आम्ही बाकीचा पेपर पुरा केला. ती पुन्हा त्या प्रश्नाकडे आली नाही. तिच्या लिपीत ए म्हणजे एक टिंब, बी म्हणजे एकाखाली एक दोन टिंबं. ना सरळ, ना वाकडं. डोळस लोकांच्या ए-बी-सी-डीचा आकार कसा असतो, हे तिला कधी कुणी दाखवलंच नव्हतं. तशी वेळच आली नव्हती. उत्तर माझ्या डोळ्यांपुढे लख्ख होतं आणि मला तोंड उघडायची मुभा नव्हती.

बाहेर आल्यावर तिनं माझा दंड धरला. “गणित अडलं असतं तर वाईट नसतं वाटलं,” ती म्हणाली. “गणित येत होतं. अक्षर दिसायला कसं असतं ते येत नव्हतं.” तिच्या आवाजात रडू नव्हतं, राग होता.

त्या संध्याकाळी मी घरी न जाता थेट वर्कशॉपमध्ये गेले आणि बाबांना सगळं सांगितलं. ते एका मेडिकल दुकानाच्या पाटीवर काम करत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि एवढंच विचारलं, “तिची बोटं केवढी आहेत? लहान की मोठी?”

“का?”

“अक्षरं तळहातावर मावतील एवढी कापतो. मोठी असली तर एकदम हाताला लागणार नाहीत.”

रविवारी सुजाताताई आणि काकू रिक्षानं बिबवेवाडीला आल्या. बाबांनी टेबलावर जुनी चादर अंथरून ए ते झेड मांडून ठेवली होती. प्रत्येक अक्षराच्या कडा त्यांनी पॉलिश पेपरनं घासून गुळगुळीत केल्या होत्या. पाटीसाठी ते कधी एवढं घासत नाहीत.

“ये बेटा,” बाबा म्हणाले. “डावीकडून सुरू कर.”

तिनं ए उचलला. अंगठ्यानं टोक चाचपलं, मग दोन्ही पाय, मग मधली आडवी पट्टी. “हा ए?” तिचा चेहरा एकदम लहान मुलीसारखा झाला. “अहो काका, ही तर रंगाऱ्याची घडवंची आहे!”

मग ती थांबेचना. एस हातात घेतल्यावर म्हणाली, “एवढं वळवळणारं अक्षर तुम्ही लोक रोज वाचता? आणि चक्कर येत नाही?” डब्ल्यूपर्यंत पोचल्यावर तिनं मागचा एम उचलून उलटा केला आणि ओरडली, “हा डब्ल्यू! केतकी, हे एकच अक्षर आहे, तुम्हाला दोनदा विकलंय कुणीतरी!” आम्ही सगळे हसलो. मी आयुष्यभर ती अक्षरं पाहत आले होते, पण हे मला कधी सुचलं नव्हतं. ओ हातात धरून तिनं विचारलं, “मग शून्य कसं असतं?”

“तसंच. थोडं निमुळतं.”

“मग फरक कसा ओळखता?”

“अंदाजानं,” बाबा म्हणाले.

“बघ आई, हेही अंदाजानंच चालतात.”

तिनं सगळी अक्षरं चाचपून दोन ढीग केले. सरळ रेषांचा एक, वळणांचा एक. ए, ई, एफ, एच, आय, के, एल, एम, एन, टी, व्ही, डब्ल्यू, एक्स, वाय, झेड. ती एकेक करत मोजत गेली. “पंधरा,” ती म्हणाली. “पंधरा छेद सव्वीस. केतकी, आता त्या सोडलेल्या जागेत लिही.” ती उत्तरपत्रिका केव्हाच सरांकडे गेली होती. तरी मी एका जुन्या पाटीच्या मागे पेन्सिलीनं ते लिहिलं.

आमचं काम तिथे संपायला हवं होतं. पण बाबांना कामाची हौस. त्यांनी फळीवरून दुसरी पेटी काढली. “ही एका ब्युटी पार्लरची अक्षरं. फाँट जरा वेगळ्या वळणाचा आहे.” तिनं त्यातला डब्ल्यू हातात घेतला. त्याची दोन्ही टोकं गोल होती, खालचे कोपरेही गोल. वायची शेपटी वळलेली. तिनं तो मघाच्या डब्ल्यूशेजारी ठेवून दोन्हींच्या कडा चाचपल्या.

“काका, मग उत्तर पंधरा नाही,” ती म्हणाली. “ते फाँटवर आहे.”

सोमवारी ती मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीपाशी गेली. मी सोबत होते. तिनं सरांना ते गोल डब्ल्यू आणि टोकदार डब्ल्यू दोन्ही दिले आणि म्हणाली, “सर, प्रश्नात फाँट दिलेला नव्हता.”

सरांनी दोन्ही अक्षरं उलटसुलट करून पाहिली. मला वाटलं, आता ते चिडणार. “बरोबर आहे,” ते म्हणाले. “प्रश्न काढणाऱ्यानं विचार करायला हवा होता. प्रश्न मी काढला होता.” मग चष्म्यावरून तिच्याकडे पाहत म्हणाले, “गुण मात्र वाढणार नाहीत. जागा कोरी सोडली होतीत आपण.”

“गुणांसाठी नाही आले, सर.”

“ठाऊक आहे. म्हणूनच उभा राहून ऐकतोय.” आणि ते खरंच उभे होते.

त्यानंतरचे आठवडे कसे गेले! बाबांनी तिच्यासाठी देवनागरी अक्षरंही कापली. तिनं स्वतःचं नाव पहिल्यांदा बोटांनी वाचलं. सु, जा, ता. वरच्या शिरोरेषेवरून तिचं बोट या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलं. “ही काय पट्टी आहे वर?”

“शिरोरेषा. मराठीत सगळी अक्षरं तिला धरून असतात.”

“सगळी?”

“सगळी.”

“मग मराठी अक्षरात सरळ रेषा असण्याची संभाव्यता एक. निश्चित घटना,” ती म्हणाली, आणि समाधानानं खुर्चीत मागे टेकली. बाबांना त्यातलं काही कळलं नसावं, पण ते माझ्याकडे बघून असे हसले, जणू ती त्यांचीच मुलगी आहे.

बोर्डाचा बीजगणिताचा पेपर आला. आम्हाला तळमजल्यावरची चित्रकलेची खोली दिली होती. रंगाचा वास, कोपऱ्यात रचलेली ड्रॉइंग बोर्डं आणि मध्यभागी आमचा एकच बाक. पर्यवेक्षक म्हणून दुसऱ्या शाळेतल्या एक बाई होत्या. त्यांनी खुर्ची ओढून अगदी आमच्या बाकाला लावली. “मी सगळं ऐकणार आहे,” त्या मला म्हणाल्या. “तू स्वतःहून एक अक्षरही लिहायचं नाहीस.”

“हो, मॅडम.”

त्यांची नजर माझ्या पेनाच्या टोकावरून हलत नव्हती. मला त्यांचा राग आला होता. सुजाताताईला आला नसावा. ती एकेक प्रश्न शांतपणे सोडवत होती.

शेवटाकडे संभाव्यतेचा प्रश्न आला. इंग्रजीतल्या ‘प्रोबॅबिलिटी’ या शब्दाचं एकेक अक्षर एकेका कार्डावर लिहिलंय. एक कार्ड काढलं तर त्यावर स्वर असण्याची संभाव्यता किती? मी स्पेलिंग वाचून दाखवलं. पी, आर, ओ, बी, ए, बी, आय, एल, आय, टी, वाय.

“एन ऑफ एस बरोबर अकरा,” ती म्हणाली. “स्वर : ओ, ए, आय. एन ऑफ ए बरोबर तीन. उत्तर तीन छेद अकरा.”

माझं पेन कागदाला टेकलं आणि तिथेच थांबलं. आय दोनदा होता. स्वर चार होते. मला ठाऊक होतं. आणि ज्या तऱ्हेनं बाईंनी श्वास घेतला, त्यावरून त्यांनाही ठाऊक होतं हे मला कळलं. त्या आता कागदाकडे नाही, माझ्या चेहऱ्याकडे बघत होत्या.

“लिहिलंस?” सुजाताताईनं विचारलं.

मी तीन लिहिला. छेद अकरा लिहिला. तीनाचं पोट वाकडं झालं. “लिहिलं,” मी म्हणाले. बाईंनी खुर्ची हळूच मागे घेतली, भिंतीपर्यंत.

पेपर संपल्यावर सगळी उत्तरं पुन्हा वाचून घ्यायची ही तिची सवय होती. मी पहिल्यापासून वाचत गेले. मग तो प्रश्न आला. आवाज चढू नये, उतरू नये, कुठे अडखळू नये. मी बाकीच्यांसारखंच वाचलं. ती “हं” म्हणाली. मी पुढचा प्रश्न वाचायला घेतला.

“थांब. स्पेलिंग परत दे.”

मी परत दिलं. तिनं उजव्या हाताची बोटं बाकावर ठेवली आणि मी म्हणेन ते अक्षर ती लाकडावर काढत गेली. पीचं पोट, आरचा पाय, ओचं वर्तुळ. आयची उभी रेघ. एल. पुन्हा उभी रेघ. तिचं बोट तिथेच थांबलं.

“आय दोन आहेत,” ती म्हणाली. “तीनवर काट मार, केतकी. चार लिही. चार छेद अकरा.”

मी काट मारली आणि चार लिहिला. त्या चाराएवढं सुंदर अक्षर मी आयुष्यात दुसरं काढलेलं नाही.

उत्तरपत्रिका घेताना बाई सुजाताताईच्या डोक्यावर हात ठेवून “शाब्बास” म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. “तीनाशी पेन अडलं होतं गं तुझं.”

“हो, मॅडम.”

“पण लिहिलास.” एवढंच बोलून त्या पाकिटाला सील लावायला बसल्या.

निकाल उत्तम लागला. पूर्ण गुण नव्हते, पण शाळेतल्या कितीतरी डोळस मुलांपेक्षा जास्त होते. स्थानिक पेपरचा एक बातमीदार पेढ्यांच्या वेळी घरी आला आणि त्यानं विचारलं, “अंधत्वावर मात केलीत, कसं वाटतंय?” ती म्हणाली, “मात बीजगणितावर केली. डोळ्यांचा पेपर नव्हता.” छापून आलं ते अर्थात ‘अंधत्वावर मात’. काकूंनी ते कात्रण ठेवलं नाही.

सुजाताताई आता खराडीतच, माझ्या ऑफिसपासून दोन इमारती पलीकडे, एका विमा कंपनीत काम करते. कुठली गोष्ट घडण्याची शक्यता किती, हे दिवसभर कॉम्प्युटरकडून ऐकते आणि सांगते. संख्याशास्त्रात एम.एस्सी. केलंय तिनं. लेखनिक बदलत गेले, पण आमचं जेवण आठवड्यातून एकदा तरी एकत्र होतंच. मला पगारवाढ मिळाली आहे, कामाचं कौतुक झालं आहे, एकदा कंपनीनं परदेशीही पाठवलं आहे. या कशाबद्दल बोलताना माझी मान ताठ होत नाही. त्या उत्तरपत्रिकेत अक्षर माझं होतं आणि शब्द एकही माझा नव्हता, हे सांगताना मात्र होते.

पण मला सगळ्यात जास्त आठवतो तो त्याच्या पुढचा मार्च. तेव्हा दहावीला मी होते. बीजगणिताच्या पेपरला मोठ्या हॉलमध्ये बसले, प्रश्न वाचला आणि क्षणभर कुणीतरी सांगेल म्हणून वाट पाहत राहिले. मग भानावर येऊन स्वतःच सोडवायला लागले.

सुटल्यावर बाहेर आले, तर फाटकासमोरच्या फुटपाथवर ही गर्दी. बाबा मला न्यायला आले होते, ते गर्दीच्या कडेला स्कूटरला टेकून उभे होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर मावत नव्हता एवढा आनंद होता. मला वाटलं, काय झालंय? मी पुढे घुसले. मध्यभागी, रसवंतीच्या बाकावर, पांढरी काठी गुडघ्यांशी धरून सुजाताताई बसली होती. ती मला भेटायला म्हणून एकटी चालत आली होती. कुणीतरी मुलगा आईला रडवेल्या आवाजात एक उदाहरण सांगत होता, ते हिनं ऐकलं आणि जागच्या जागी सोडवून दिलं. मग दुसऱ्यानं विचारलं. मग त्याच्या आईनं. आता आयाबाया, वडील, आजोबा, घामेजलेली मुलं, सगळे तिच्याभोवती कोंडाळं करून उभे होते. “ताई, तिसऱ्यातला ब काय आला?” “ताई, याचं दोन छेद सात येतंय, बरोबर आहे का हो?” एक आजोबा नातीला पुढे ढकलत म्हणत होते, “आधी हिचं बघा, आम्हाला कात्रजला जायचंय.” आणि ती मान किंचित तिरपी करून ऐकत होती आणि एकेकाला उत्तर देत होती. बरोबर असेल त्याला “बरोबर”. चूक असेल त्याला “चूक, पण पायऱ्यांचे गुण मिळतील.”

मी कशीबशी तिच्यापर्यंत पोचले. “सुजाताताई, मी आले. माझाही एक प्रश्न आहे.”

माझा आवाज ऐकून तिचा चेहरा उजळला. पण हात मात्र तिनं गर्दीच्या मागच्या टोकाकडे केला.

“रांगेत ये,” ती म्हणाली.